उजव्या डोळ्याचं पॅरिस

३ फेब्रुवारी, मंगळवार

दोऱ्याच्या रिळांचा एजंट दरवर्षी डायरी देतो आणि दरवर्षी इंदू ती स्वयंपाकघरात नेऊन तीत भाजणीची प्रमाणं लिहिते. यंदा मी पहिल्या पानावर आधीच नाव घालून ठेवलं. रंगाच्या बाबतीत जग कसं रसातळाला चाललंय, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

काळेवाडीत बायकोच्या नावाचं आमचं इंदू मॅचिंग सेंटर आहे. ब्लाऊज पीस, अस्तर, फॉल, परकर. बार्शीहून आलो तेव्हा हातात काही नव्हतं, फक्त डोळा होता. बाईने साडी दाखवावी, मी ती दाराशी उन्हात एकदा धरावी आणि न चाचपडता नेमका तागा ओढावा. 'रंग बसला' म्हणत बाईने पैसे मोजावेत. दारावर पाटी आहे : 'रंग उजेडात पडताळून घ्या.' इतक्या वर्षांत पडताळायची वेळ कुणावर आली नव्हती.

आज कुरुळीच्या छबूबाई परत आल्या. जुन्या घरच्या, जमीनजुमल्याच्या. त्यांनी एकदा चांगलं म्हटलं की पंचक्रोशीतल्या बायका आपल्याकडे येतात, आणि वाईट म्हटलं तरी तितक्याच वेगाने जातात. मागच्या आठवड्यात त्यांच्या मोतिया साडीवर मी मोतिया रंगाचं रुबिया कापड दिलं होतं. त्यांनी ते काउंटरवर आपटलं.

"बबनशेठ, ह्यो काय रंग हाय? हळदीत बुडवून आनलाय व्हय?"

मी पीस पाहिला. शुद्ध मोतिया. मी तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, "डोळं हायती का बटनं?"

माझ्या दुकानात, माझ्याच काउंटरवर. मी काही बोलणार इतक्यात सूनबाई मध्ये पडली. प्राजक्ता चाकणला एका कंपनीच्या ऑफिसात आहे, आज तिची सुट्टी होती. तिने छबूबाईंना बाजूला घेतलं, मोबाईल दाखवला, काहीतरी कुजबुजली. थोड्या वेळाने छबूबाई हसत काउंटरशी आल्या आणि त्याच रंगाचा आणखी एक पीस घेऊन गेल्या.

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"पॅरिसला यंदाच्या वसंतात हाच लोणी रंग चाललाय बाबा. आणि मॅचिंग करायचंच नाही, मुद्दाम वेगळं घालायचं अशी फॅशन आहे."

"पण मी मॅचिंगच दिलं होतं."

"हो ना," ती म्हणाली आणि इंदूकडे बघितलं. इंदूने फॉलच्या घड्या घालायला घेतल्या.

५ फेब्रुवारी, गुरुवार

लाईट नाही. एका अर्थी बरंच. नव्या एलईडी ट्यूबने सगळा घोळ केलाय, उजेड कसला तो, ताकाचं पाणी नुसतं. दुसरा घोळ ज्ञानेशचा. दिवाळीत दुकानाला रंग दिला तेव्हा चिरंजिवांनी सगळे तागे उतरवून परत लावले, तेही स्वतःच्या अकलेने. पूर्वी माझा हात आपोआप जायचा, आता शोधावं लागतं. तिसरा घोळ गिरण्यांचा. नेव्ही ब्लू आणि काळा यांत त्यांनी काही फरकच ठेवलेला नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

प्राजक्ताने टीव्हीवर पॅरिसच्या बायका दाखवल्या. सगळ्या उंच, उपाशी आणि रागावलेल्या. कुणीतरी हाक मारल्यासारख्या तरातरा येतात, टोकाला पोचल्यावर काम विसरल्यासारख्या परत जातात.

पण कपडे मी लक्ष देऊन पाहिले. धंद्याचा माणूस आहे. खांदे असे की त्यावर दोन घागरी राहाव्यात. बाह्या आरपार. कमरेखाली गोंडेच गोंडे. एकीने तर झोपायचा पायजमा घातला होता आणि वर कोट. गळ्याला प्रत्येकीच्या रुमाल. अस्तर म्हणून काही असतं हे त्या गावाला कुणी सांगितलेलंच दिसत नाही.

"शेवटच्या दहा-बारा जणी लोणी रंगात होत्या," मी म्हणालो. "तू म्हणतेस ते खरं आहे."

प्राजक्ता टीव्हीकडे बघत बसली. इंदू म्हणाली, "अहो, चहा घेता का?" आत्ताच तर घेतला होता.

१४ फेब्रुवारी, शनिवार

विचार केला, लोक जर पॅरिसला विचारतात तर पॅरिस आपणच का विकू नये? नवी पाटी लावली : 'पॅरिसची वसंत फॅशन, रोजच्या वापरात. अस्तरासह.' शेवटचा शब्द माझा.

मात्र तिकडचं जसंच्या तसं इकडे चालत नाही, ते इथल्या बाईच्या अंगावर उतरवायला डोकं लागतं. उदाहरणार्थ ते खांदे. आमची गिऱ्हाइकं रिक्षात मागे चौघी बसून चिंचवड गाठतात. तिथे असे खांदे नेले तर चौथी बाई रस्त्यावर. म्हणून मी फुगा फक्त मनगटापाशी सुचवतो. गोंडे पदराला एकाच बाजूने, म्हणजे चाकात अडकणार नाहीत. आरपार बाही चालेल, पण कोपरापर्यंत अस्तर. पायजमा बाहेर घालण्याबद्दल मात्र सांगायला गेलो तर समोरच्या प्रभावतीबाई म्हणाल्या, आम्ही गाऊनवर ओढणी घेऊन भाजीला जातोच की, मग आम्ही पॅरिसच्या आधीच्या का? पायजमा मी यादीतून काढला.

छबूबाई आज पुन्हा आल्या. मोरपंखी साडी, मी मोरपंखी पीस दिला. त्यांनी पाहिला आणि खूश झाल्या. "ह्ये तर लईच येगळं काढलं, शेठ. शेवाळावानी हाय." मला वाटतं त्यांना मोरपंखी माहीत नसावा. पण गिऱ्हाइकाशी वाद घालू नये.

२२ फेब्रुवारी, रविवार

देहूला इंदूच्या मावसबहिणीकडे साखरपुडा होता. इंदूने दिवाळीची वांगी रंगाची साडी नेसली, त्यावर मीच दिलेला ब्लाऊज. तो पीस दिला तेव्हा तिने जरा वेळ हातात धरला होता आणि "छान आहे" म्हणाली होती. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाला हीच जोडी. दुसऱ्या साड्या कपाटात पडून आहेत, पण हीच. बायकोला आपली निवड इतकी आवडावी, याचं मला बरं वाटतं.

तिथे बायका तिच्याभोवती जमल्या. हे काय गं, असं कसं गं घातलंस, असं काहीतरी चाललं होतं. इंदूने हनुवटी वर करून सांगितलं, "आता अशीच फॅशन आहे." संध्याकाळपर्यंत तिघींनी आमचा पत्ता घेतला.

परतताना स्कूटरवर जरा त्रास झाला. हल्ली सगळ्या गाड्यांचे दिवे खराब आहेत, प्रत्येकाभोवती गोल कडं दिसतं. इंदू म्हणाली, "एकदा डोळे दाखवून येऊ या का?"

मी स्कूटर बाजूला घेतली आणि सांगितलं, हा विषय पुन्हा काढायचा नाही. माझ्या वडिलांना, आबांना, गावाकडच्या एका शिबिरात डोळ्याचं ऑपरेशन करायला नेलं होतं. नेलं तेव्हा थोडं दिसत होतं, आणलं तेव्हा तेही नव्हतं. पुढे नातवाला ते तोंडावरून हात फिरवून ओळखायचे. मी रंगावर जगतो. माझ्या डोळ्याला कुणी हात लावायचा नाही.

घर येईपर्यंत इंदूने माझा खांदा नेहमीपेक्षा घट्ट धरला होता. वेग जास्त झाला असेल.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी दुकान उघडतो तर प्रत्येक ताग्याखाली चिठ्ठी. 'जांभळा', 'कॉफी', 'रामा', 'पोपटी', अक्षर इंदूचं. माझ्या दुकानात मला रंगांची नावं शिकवायची? हॉटेलात आचाऱ्यासमोर 'मीठ' लिहिल्यासारखं झालं. सगळ्या चिठ्ठ्या फाडल्या. इंदू दुपारी जेवली नाही. उपास असेल.

२ मार्च, सोमवार

आज मोठं काम आलं. वर्षाली म्हणून मुलगी आहे, परभणीकडची, कुरुळीला खोली घेऊन राहते. चाकणला गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत लाईनवर आहे. बोर्डावर रंगीबेरंगी वायरी गुंफायच्या, प्रत्येक रंगाची जागा ठरलेली. त्यांच्याकडे शनिवारी महिला दिन साजरा होणार. ग्रे युनिफॉर्म काढायची परवानगी नाही, पण बाकी काहीतरी वेगळं करा, असं साहेबांनी सांगितलंय.

"काका, युनिफॉर्मवर फॅशन कशी करावं, तुमीच सांगा," ती म्हणाली.

मला क्षणात सुचलं. पॅरिसच्या बायकांच्या गळ्यातला रुमाल. ब्लाऊज पीस तिरपा दुमडायचा, गळ्यात गाठ, टोकं आत. शिलाई नाही, नियम मोडत नाही. आणि प्रत्येकीने स्वतः जी वायर लावते तिच्याच रंगाचा बांधायचा. वर्षालीने टाळीच वाजवली. तिने नमुन्याला वायरीचे तुकडे आणले होते, एकेका तुकड्याला बाईच्या नावाची पट्टी.

इंदू पुढे आली. "मी काढते पीस. तुम्ही बसा."

"साड्या जुळवणारा माणूस वायरी जुळवू शकत नाही का?" मी म्हणालो आणि तिला गल्ल्यावर बसवलं.

एकेक तुकडा दाराशी नेऊन धरला. संध्याकाळपर्यंत प्रत्येक पीस वेगळ्या कागदात, वर नाव, गठ्ठा बांधून तयार. वर्षाली शिफ्ट सुटल्यावर पळत आली आणि गठ्ठा घेऊन बसकडे पळत गेली. आपला रंग आता कंपनीत चालला, याचा अभिमान वाटतो.

७ मार्च, शनिवार

लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.

वर्षाली चार वाजता आली. गठ्ठा तिने काउंटरवर ठेवला, आपटला नाही. प्राजक्ता दुकानात होती, इंदूही. वर्षालीने पीस उलगडले आणि प्रत्येकावर त्याची वायर ठेवली.

"काका, ह्ये बसंना गेलं," ती हळू आवाजात म्हणाली. "व्हायोलेटच्या ठिकाणी कॉफी आलंय. काळ्याला निळं. पांढऱ्याला पिवळं. आमाला फोटोत वायरीपाशी उभं केलं अन् साहेब हसायलेत. म्हनले, असं वायरिंग गाडीत घातलं तर हॉर्न दाबल्यावर वायपर चालू होईल."

प्राजक्ता पुढे झाली. "अगं वर्षाली, पॅरिसमध्ये यंदा..."

"ताई, वायरीला पॅरिस नसतंय," वर्षाली म्हणाली. "आमच्याकडं हे रिजेक्ट असतंय."

ती मला दोष देत नव्हती. उलट तिचे डोळे भरून आले होते. "काका, आमाला भरती करताना डोळे तपासतेत. रंग वळखता आले न्हाई तर घरी धाडतेत. तुमी एकदा तपासून घ्या ना."

मी वायरी हातात घेतल्या आणि दाराशी गेलो. ऊन स्वच्छ होतं. एक काळी, एक निळी, एक जांभळी असणार. मी बराच वेळ बघत राहिलो. तिन्ही सारख्याच.

मागे वळून पाहिलं तर इंदू आणि प्राजक्ता दोघीही जमिनीकडे बघत होत्या. तेव्हा मला कळलं की हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

८ मार्च, रविवार

बाहेर पोरं रंगपंचमी खेळत होती. मी खिडकीत बसून कोणता रंग कोणता ते ओळखायचा प्रयत्न करत होतो. मग बंद केलं.

प्राजक्ता चहा घेऊन आली. मी विचारलं, "पॅरिसचं सगळं खोटं होतं का?"

"नाही बाबा. तिकडे खरंच तसं चाललंय. आपल्याकडे ते जरा आधी आलं, इतकंच."

मला हसू आलं आणि मग एकदम भीती वाटली. लिहूनच टाकतो, मी खूप घाबरलोय. आबांची बोटं माझ्या ज्ञानेशच्या तोंडावरून फिरताना मी पाहिली आहेत. ऑपरेशन केलं तर डोळा जाईल, आणि नाही केलं तर तो गेलेलाच आहे. डोळ्याशिवाय मी कोण? नुसतं कापड फाडून देणारा माणूस.

इंदू म्हणाली, "मी बरोबर आहे." इतकंच म्हणाली. तिनेच डोळ्याच्या डॉक्टरांची बुधवारची वेळ घेतली.

११ मार्च, बुधवार

डॉक्टरीण प्राजक्ताएवढी असेल. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेले.

"काका, ही भिंत कुठल्या रंगाची?"

"लोणी."

"पांढरी आहे. तुम्ही दोन-तीन वर्षं पिवळ्या काचेतून बघताय."

म्हणजे गिरण्या निर्दोष, ट्यूबलाईट निर्दोष. ज्ञानेशचा तरी थोडा दोष असेलच असं वाटलं, पण नाही. जुन्या जागा पाठ होत्या म्हणून इतके दिवस निभावलं होतं. त्याने तागे हलवले आणि माझं पितळ उघडं पडलं.

आधी डावा डोळा करायचा, उजवा पुढच्या महिन्यात. मी आबांचं सांगितलं. तिने मध्ये न बोलता ऐकून घेतलं, मग म्हणाली, तेव्हाचं आणि आताचं फार वेगळं आहे. मला पटलं असं नाही. पण इंदूने सहीसाठी पेन पुढे केलं होतं.

१५ मार्च, रविवार

काल ऑपरेशन झालं. भूल म्हणून थेंब घातले, समोर दिवे दिसत होते, आणि पुरतं घाबरून व्हायच्या आतच संपलं. आज पट्टी काढली.

पहिली दिसली ती नर्सची ओढणी. निळी. इतकी निळी की मी बोट दाखवून सगळ्यांना सांगत सुटलो. बाकावरचे पेशंट हसले. मला रडू आलं, डॉक्टरीण म्हणाली, थेंबांनी असं होतं. थेंब अजून घातले नव्हते.

घरी आल्यावर कपाट उघडलं. माझे म्हणून जे पाच पांढरे शर्ट होते, त्यांतले दोन पिस्त्याच्या रंगाचे आहेत. हे घालून मी लग्नांना गेलो आहे.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. काळा गॉगल लावून गुढी उभारली, शेजारची पोरं मला हिरो म्हणाली. घरच्यांचा डोळा चुकवून थोडा वेळ गॉगल काढला. गल्लीभर गुढ्या, आणि बहुतेकांच्या खणांचे पीस माझ्याकडचे. कडुलिंब हिरवागार. त्यामागे आकाश, त्याला काय म्हणायचं ते मला माहीत होतं, चिंतामणी, पण शब्द माहीत असणं वेगळं.

मग इंदू नैवेद्याचं ताट घेऊन आली. तीच वांगी साडी, तोच ब्लाऊज.

साडी गर्द जांभळी होती. ब्लाऊज कॉफी रंगाचा. जवळ आणायला नको होते असे दोन रंग. दिवाळीला, भाऊबीजेला, संक्रांतीला, देहूच्या साखरपुड्याला ही बाई हे घालून गेली. छबूबाईंच्या आधी, प्राजक्ताच्या पॅरिसच्या कितीतरी आधी. नवरा मॅचिंगवाला आणि बायकोच्या अंगावर हे. लोक काय म्हणतील, तर हनुवटी वर करून, फॅशन आहे.

मी गॉगल लावला. नाहीतर डोळ्यातलं पाणी दिसलं असतं, आणि आज तर थेंबही घातले नव्हते.

२५ मार्च, बुधवार

दुकानात जायला परवानगी मिळाली. छबूबाई दारातच उभ्या. चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे, घरातल्या साऱ्या सुनांच्या साड्या घेऊन आल्या होत्या.

मी उजवा डोळा झाकून, डाव्याने झरझर पीस काढले. एकूण एक बरोबर. इतका आनंद मला कधी झाला नव्हता. छबूबाईंनी पाहिलं आणि तोंड पाडलं.

"ह्ये कसलं? ह्ये तर समद्यांकडं असतंय. आमाला तुमचं ते पॅरिसचं द्या."

मी प्रामाणिकपणे खूप प्रयत्न केला. पण मुद्दाम चुकीचा रंग काढायला माझा हात धजेना. जांभळा दिसला की हात जांभळ्यावरच जाई. इंदू काउंटरवर कोपर टेकवून बघत होती. शेवटी तीच म्हणाली, "अहो, उजवा डोळा आहे ना अजून."

डावा डोळा हाताने झाकला. उजव्याने साड्या पाहिल्या, पूर्वीसारखंच मन लावून उत्तम मॅचिंग केलं. डावा उघडून पाहिलं तर अंगावर काटा आला. छबूबाई मात्र हरखून गेल्या.

"आस्सं. ह्याला म्हन्त्यात नजर."

त्यांना सांगून टाकलं, पुढच्या महिन्यात उजव्याचंही ऑपरेशन आहे. त्या काळजीत पडल्या, हळदीकुंकवं अक्षय्य तृतीयेपर्यंत चालतात. "आखितीपातूर थांबा की, शेठ. अजून दोन हळदीकुंकवं हायती."

वर्षालीलाही निरोप धाडला. तिच्या लाईनचे रुमाल डाव्या डोळ्याने पुन्हा काढून ठेवलेत. संध्याकाळी येऊन तिने वायर लावून पाहिली आणि म्हणाली, "ओके पीस, काका." कंपनीत याहून मोठं कौतुक नसतं म्हणे.

२९ मार्च, रविवार

सकाळी दुकान उघडायच्या आधी इंदूची वांगी साडी पिशवीत घालून नेली. दाराशी उन्हात धरली, उजवा डोळा झाकला. चार ताग्यांतला एक निवडला, परत ठेवला, दुसरा काढला. इतका वेळ मी आयुष्यात कुठल्या गिऱ्हाइकाला लावला नाही.

ती डबा घेऊन आली तेव्हा पीस पुढे केला. म्हणालो, "दिवाळीचा राहिला होता."

तिने काउंटरवरच्या साडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "दिवाळीपासून तो कॉफी ब्लाऊज घालतेय. एकदाही आवडला नाही मला."

"मग सांगायचंस ना."

"तुम्ही इतके खुशीत होता." तिने डबा ठेवला. "आणि सांगितलं असतं तर तुम्ही दुकान बंद करून खाटेवर पडला असता. मी ओळखते तुम्हाला."

मी पीस कागदात बांधायला घेतला. तिने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"थांबा. पाटीवर काय लिहिलंय?"

ती साडी आणि पीस घेऊन दाराशी गेली. या दुकानाला तिचं नाव आहे, पण इतक्या वर्षांत माझा रंग तिने कधी उजेडात धरून पाहिला नव्हता. आज धरला. एका बाजूने पाहिला, उलटून दुसऱ्या बाजूने पाहिला, पदर त्यावर टाकून पाहिला. मी काउंटरमागे उभा, नव्या गिऱ्हाइकासमोर उभा राहावा तसा.

"बसला," इंदू म्हणाली.